घडी न घालता

इतवारीत, भांड्यांच्या ओळीमागे,
तिसऱ्या मजल्यावर उईके मॅडमचा क्लास.
जिना चढताना पायऱ्या मोजायची सवय लागली.
सदतीस. म्हणजे छत्तीसची छाती
आणि एक इंच सैल.

मे महिना. कूलर घरघरतो,
पण रेघ मारायच्या आधी मॅडम तो बंद करतात.
"ओलीनं कागद फुगते बाप्पा.
सूतभर फुगला तरी मुंढ्यात दिसते."
मग त्या भट्टीत आम्ही नऊ जणी
खाकी कागदावर वाकलेल्या,
घाम पट्टीवर पडू नये म्हणून
कपाळाला ओढणी बांधून.

बावीस वर्षं ब्लाऊज शिवलेत मी पाचपावलीत.
जुना आणा, त्यावरून कापते.
वीत, चार बोटं, दातात धरलेली टाचणी.
नणंदेच्या लग्नात एका रात्रीत अकरा.
शिकायचं काय उरलंय, असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात टक्स फिरवायला लावला.
छातीच्या टोकावर पेन्सिल रोवायची
आणि कागद वळवायचा.
कमरेतला टक्स मिटतो, खांद्यात उघडतो.
खांद्यातला मिटवा, काखेत उघडतो. मग गळ्यात.
प्रणोती म्हणाली, मॅडम, काढूनच टाकला तर?
"काढून कुठं टाकशीन?
आंग गोल हाये, कागद चपटा.
फरक कुठंतरी ठेवाच लागते."
हे मी मापाच्या वहीत
उधारीच्या पानावर लिहून ठेवलं.

शेवटच्या कामाला डमी नव्हती.
माणूस आणायचं होतं.
मी देवकाबाई नंदनवारच्या दारात गेले.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.
ऑपरेशननंतर तिनं एकच ब्लाऊज टाकला होता.
काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.
उजव्या बाजूला फोम भरून दिला, न सांगता,
मोठं चांगलं काम केल्यासारखं.
दुसऱ्या दिवशी तिच्या नातवानं
पिशवी आणून दिली.
उसवलेला फोम, नीट ठेवलेला,
आणि शिलाईचे पूर्ण पैसे.
त्यानंतर दोन वर्षं ती नवऱ्याचे शर्ट घालून
पदर गच्च ओढून बाजारात दिसायची.

का आली, ते मला अजून माहीत नाही.
सदतीस पायऱ्या, मधे दोनदा थांबत.

मी मांजरपाट काढला,
हातानं आपसूक दुमडला.
"उलगड," मॅडम म्हणाल्या. "घडी नको घालू."

बावीस वर्षं मी प्रत्येक बाई अर्धीच आखली होती.
कापड दुमडायचं, एक बाजू काढायची,
दुसरी तशीच असणार, हे धरून चालायचं.

मग दोन कागद. एकावर डावा, एकावर उजवा.
डाव्याला खांद्यातून दीड इंचाचा टक्स.
उजव्याला टक्स नाही.
तिथं टेप सपाट जाते, बरगड्यांवरून,
आणि माझी बोटं थरथरली,
तेव्हा तीच म्हणाली, "दाब, आता दुखत नाही."
हात वर करा.
"इतकाच होते."
तो इतकाच मी आखला.
काखेखाली पाऊण इंच जास्त सोडला,
मुंढ्याचा बाक तीनदा खोडला.
दोन्ही कागदांत सारखी एकच रेघ,
मधली. उभा धागा.
गळा?
"पयलेसारखाच. मागं मोठा."

कच्चा ब्लाऊज चढवला तेव्हा
आमच्यापैकी कुणीही आरशाकडे बघत नव्हतं.
प्रणोती खडू शोधत होती, खडू तिच्या हातातच होता.
देवकाबाई मात्र वळली,
मान तिरपी करून पाठ बघितली,
मग बाजू, मग समोर, घाई न करता,
बाजारात भाजी निवडतात तशी.
"बाही आखूड करजो थोडी," म्हणाली.
"उन्हाळा हाये."

मॅडमनं एक मार्क कापला.
उजव्या मुंढ्याला जोडखूण द्यायची राहिली होती.
मग त्यांनी कूलर लावला,
आणि डावा-उजवा दोन्ही उडून
टेबलाखाली गेले.